बिऱ्हाडाची वाहने व त्यांचे टायर : सोलापूर जिल्हा

माणसे, त्यांचा शिधा, भांडीकुंडी व राहुट्या घेऊन दिवसेंदिवस, प्रसंगी महिनोनमहिने रस्त्यावर राहणाऱ्या वाहनांची परंपरा महाराष्ट्राच्या आग्नेय भागातील सोलापूर जिल्ह्यात दीर्घकाळ चालत आलेली आहे. पंढरपूरच्या आषाढी वारीतील दिंड्यांच्या बैलगाड्या व पुढे ट्रक, ऊसतोडणी कामगारांच्या टायरगाड्या व ट्रॅक्टर, तसेच जत्रांतून फिरणाऱ्या तमाशाच्या फडांच्या व तंबूतील चित्रपटगृहांच्या मोटारी यांचा तीत समावेश होतो. पाश्चात्त्य देशांत चैनीच्या प्रवासासाठी घरासारखी सजविलेली मोटार वापरतात. येथील वाहन मात्र मूलतः मालवाहू असून उपजीविकेच्या अथवा श्रद्धेच्या निमित्ताने ते काही काळ घर बनते. अशा वाहनाला डांबरी वा काँक्रीटचा महामार्ग, खडीचा जिल्हामार्ग, मुरमाची गाडीवाट आणि काळ्या मातीचे शेत हे चारही पृष्ठभाग एकाच प्रवासात ओलांडावे लागतात. त्यामुळे त्याच्या चाकांची व टायरांची निवड हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही; भूमी, रस्ते, ऊसशेती आणि मजुरांचे जीवन यांच्या इतिहासाशी तो निगडित आहे.

भूमी व रस्ते : सोलापूर जिल्हा दख्खनच्या पठारावर बेसाल्ट खडकाच्या थरांवर वसलेला आहे. भीमा, सीना, माण व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत खोल काळी माती असून उंचवट्याच्या भागात मुरमाड व हलकी जमीन आढळते. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट जातीची मृद्‌खनिजे पाणी शोषून फुगतात व कोरडी झाली की आकसतात. परिणामी उन्हाळ्यात जमिनीला रुंद भेगा पडतात व त्यावेळी ती दगडासारखी कठीण असते. पहिल्या दोन जोरदार सरींनंतर तीच जमीन चिकट होऊन चाकाला लपेटून बसते. जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वार्षिक पर्जन्यमान सु. ५५ सेंमी. असून त्यातील मोठा वाटा सप्टेंबर महिन्यात पडतो. उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते व डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग त्याहूनही बराच तापतो. चाकाच्या दृष्टीने पाहता या जिल्ह्यात वर्षाचे नऊ-दहा महिने उष्णता व तीक्ष्ण खडी यांपासून, तर उरलेल्या काळात चिखलापासून बचाव करावा लागतो.

जिल्ह्यातील रस्त्यांचा इतिहास दुष्काळांशी जोडलेला आहे. १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळात व त्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत मजुरांना काम देण्यासाठी रस्ते व तलाव यांची कामे काढण्यात आली. १९७२ च्या दुष्काळातही हजारो शेतकरी कुटुंबे खडी फोडण्याच्या व रस्त्यांच्या कामांवर राबली. त्या अनुभवातूनच पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना कायद्याच्या रूपात (१९७७) आली. स्थानिक बेसाल्टची ही खडी टणक व कोनाकृती असते. डांबराचा थर झिजला की तिच्या धारदार कडा उघड्या पडतात व त्या टायरला काप देतात. ट्रकच्या मागील जोडटायरांच्या फटीत अडकलेला खडीचा दगड दोन्ही टायरांच्या भिंती एकाच वेळी कापतो. म्हणून थांब्यावर उतरताच जोडचाकांमधील फट तपासण्याची व टायरवर लोखंडी कांब वाजवून आवाजावरून हवेचा अंदाज घेण्याची सवय चालकांना लागलेली असते.

लाकडी चाक व लोखंडी धाव : एकोणिसाव्या शतकात जिल्ह्यातील बहुतेक वाहतूक बैलगाडीने होत असे. गाडीचे चाक गावचा सुतार बहुधा बाभळीच्या लाकडाचे बनवी. मध्ये तुंबा, त्यात बसविलेले आरे व आऱ्यांच्या टोकांना वर्तुळाकार जोडलेले लाकडी पाटे अशी त्याची रचना असे. पाट्यांवर लोहार लोखंडी धाव चढवी. धाव तापवून प्रसरण पावली की ती चाकावर बसवावयाची व लगेच पाणी ओतून आवळावयाची, अशी ही पद्धत होती. सुतार व लोहार हे दोघेही बलुतेदार असल्याने गाडीची दुरुस्ती ही गावच्या वार्षिक देण्याघेण्याचा भाग होती. त्रिं. ना. आत्रे यांनी ग्रामव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथाला गावगाडा (१९१५) असे नाव दिले, यावरून गाडी या वस्तूचे ग्रामजीवनातील स्थान लक्षात येते.

लोखंडी धावेची रुंदी साधारणपणे चार-पाच सेंमी.च असे. सर्व भार इतक्या अरुंद पट्टीवर येत असल्याने ती मऊ जमिनीत खोल रुते व खडीच्या रस्त्यावर खडी चिरडून तिचा भुगा करी. एका गाडीमागून दुसरी गाडी त्याच खुणेवरून जाऊ लागली, की रस्त्यावर दोन समांतर चर पडत. या चरांना ‘चाकोरी’ म्हणतात. मराठीत ठरीव, एकसुरी जीवनाला चाकोरीतले जीवन म्हणण्याचा प्रघात याच अनुभवातून पडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारी वाढू लागल्यावर लोखंडी धावेने होणारी रस्त्यांची नासाडी हा देशभरातील अभियंत्यांच्या चर्चेचा विषय झाला. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय रस्ते विकास समितीच्या (१९२७) शिफारशींनुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था अस्तित्वात आली. बैलगाड्यांसाठी रस्त्यात सिमेंटचे दोन पट्टे घालणे, धावेची रुंदी वाढविणे व गाडीला रबरी टायर बसविणे असे निरनिराळे उपाय त्या काळात सुचविण्यात आले. त्यांपैकी रबरी टायरचा उपायच पुढे सर्वत्र रूढ झाला.

रेल्वेचा परिणाम : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली व १८७१ मध्ये रायचूर येथे ती मद्रास रेल्वेला मिळाली. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी निघाली. लांब पल्ल्याचा माल रेल्वेकडे गेल्यामुळे बैलगाडीचे कार्यक्षेत्र गाव ते स्थानक एवढे मर्यादित झाले. बार्शी लाइट रेल्वे ही ७६२ मिमी. रुंदीची अरुंदमापी रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड (सध्याचे कुर्डुवाडी) ते बार्शी या मार्गावर सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत व १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी एंजिन व डबे यांच्या प्रत्येक आसावर येणारा भार पाच टनांपर्यंत मर्यादित ठेवला होता. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही पुरेशी वाहतूक करणे शक्य झाले. मार्गाचे आयुष्य वाहनाच्या एकूण वजनापेक्षा एकेका आसावरील भारावर अवलंबून असते, हे तत्त्व जिल्ह्यात अशा रीतीने प्रथम रुळांवर सिद्ध झाले. रस्त्यांच्या बाबतीत ते पटण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

हवाभरित टायरचा प्रसार : रबराचे व्हल्कनीकरण चार्ल्‌स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधून काढले. हवाभरित टायरचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. परंतु तो प्रचारात आला नाही. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये स्वतंत्रपणे एकस्व घेतल्यानंतरच सायकली व पाठोपाठ मोटारी यांना असे टायर बसू लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालमोटारींना भरीव रबराचे टायर असत. हवाभरित टायर मालमोटारींवर सर्रास दिसू लागले ते १९२० नंतर. भारतातील पहिला टायर कारखाना डनलॉप कंपनीने १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधील साहागंज येथे सुरू केला. पुढे मुंबईत शिवडी येथे फायरस्टोन व भांडुप येथे सिएट (१९५८) यांचे कारखाने निघाले. मद्रास येथील एमआरएफ कंपनी १९६१ पासून टायर बनवू लागली.

दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२ मध्ये मलाया व आसपासचे रबर-उत्पादक प्रदेश घेतल्यावर टायरांचा तुटवडा निर्माण झाला. भारतात त्यांच्या विक्रीवर सरकारी नियंत्रण आले. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून तो पुन्हा वापरण्याची कला याच काळात देशात फोफावली. स्वातंत्र्यानंतर १९४८ पासून राज्य परिवहन सेवा सुरू झाली. १९५४ पासून जमशेटपूर येथे टाटांच्या मालमोटारींचे उत्पादन होऊ लागले व पुणे–सोलापूर–हैदराबाद हा मार्ग मालमोटारींनी गजबजला. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्र. ९ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर क्र. ६५ झाला. सोलापूरहून विजापूर (विजयपुरा) व धाराशिव–बीडमार्गे धुळे यांकडे जाणारे रस्ते क्र. ५२ मध्ये समाविष्ट झाले. मुंबई, दक्षिण भारत व मराठवाडा यांना जोडणारे नाके म्हणून सोलापूरला महत्त्व आले. शहराबाहेरच्या रस्त्यांवर ढाबे, पंक्चरची दुकाने, टायरला रबर चढविणारे कारखाने व जुन्या टायरांचे विक्रेते यांची वस्ती वाढत गेली. पंक्चरच्या व्यवसायात अनेक ठिकाणी केरळमधून आलेले कारागीरही स्थिरावले.

टायरगाडी : बैलगाडीला हवाभरित टायर बसविण्याची कल्पना भारतात १९३० नंतरच्या दशकात पुढे आली. तीत डनलॉप कंपनीचा पुढाकार असल्याने उत्तर भारतात अशा गाडीला कंपनीच्याच नावाने ओळखू लागले. सोलापूर भागात तिला टायरगाडी म्हणतात. लोखंडी आस, त्यावर बेअरिंग, पोलादी चकती व तीवर टायर अशी तिच्या चाकाची रचना असते. जनावरांनी ओढावयाच्या गाड्यांसाठी वेगळ्या मापाचे टायर तयार होतात. तथापि ट्रकचे अथवा जीपचे जुने टायर वापरण्याचा प्रघातही पुष्कळ आहे. हवाभरित टायर रुंद पृष्ठभागावर टेकत असल्यामुळे तो शेतात कमी रुततो आणि खाचखळग्यांचे धक्के गिळतो. तेवढ्याच ओढीने बैल अधिक ओझे नेऊ शकतात.

जिल्ह्यात टायरगाडीचा प्रसार ऊसशेतीबरोबर झाला. १९३० नंतरच्या दशकात माळीनगर व श्रीपूर येथे साखर कारखाने निघाले. स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी कारखान्यांची त्यांत भर पडली. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर कोरडवाहू ज्वारीच्या या जिल्ह्यात उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. पुढे जिल्ह्यातील साखर कारखान्यांची संख्या तीसच्या वर गेली. ऊस तोडल्यानंतर त्यातील साखरेचा अंश उतरू लागतो. म्हणून तो लवकरात लवकर गाळणे आवश्यक असते. तोडणी व वाहतूक या दोन्ही कामांसाठी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालना इ. जिल्ह्यांतून कामगारांच्या टोळ्या येतात व मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. पतिपत्नींच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि हंगामापूर्वी दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेला ‘उचल’. बैल कामगाराचे व टायरगाडी कारखान्याने भाड्याने दिलेली, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी असते. गावाहून निघताना याच गाडीत धान्य, अंथरूण, चूल, कोंबड्या, लहान मुले व वृद्ध असतात. फडाशेजारी कोपी उभी राहिली, की गाडी उसाला जुंपली जाते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण या कुटुंबांना अक्षरशः लागू पडते.

टायरमुळे झालेली सुधारणा सर्वस्वी बैलांच्या वा माणसांच्या पदरात पडली नाही. चाक हलके चालू लागले तसे गाडीवरचे ओझे वाढविण्यात आले. मोबदला टनावर मिळत असल्याने गाडीवानालाही ओझे वाढविण्याखेरीज पर्याय नसतो. जू मात्र पूर्वीचेच राहिले. त्यामुळे बैलांच्या खांद्यावरील घासण्याच्या जखमा कमी झाल्या नाहीत. उतारावर गाडीला पुरेसा ब्रेक नसल्याने सर्व भार बैलांच्या मानेवर येतो. बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट या संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या दशकात देशातील बैलगाड्यांचा अभ्यास करून जू, आस, ब्रेक व चाक यांची एकत्रित सुधारणा व्हावयास हवी, असे आग्रहाने मांडले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालील १९६५ च्या नियमांत बैलांचे वजन व गाडीच्या चाकांचा प्रकार यांनुसार ओझ्याची कमाल मर्यादा ठरविलेली आहे. गाळप हंगामातील गाड्यांवर तिचा अंमल क्वचितच दिसतो. टायरगाडीचा दुसरा परिणाम म्हणजे सुतार व लोहार यांच्या हातचे काम गेले. लाकडी चाक गावात तयार होई व गावातच दुरुस्त होई. रबरी टायर दूरच्या कारखान्यात तयार होतो आणि त्यासाठी रोख पैसा लागतो.

दिंडीचे ट्रक : आळंदीहून श्रीज्ञानेश्वरांची व देहूहून श्रीतुकारामांची पालखी आषाढी एकादशीस पंढरपूरला येते. तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, असे मानतात. ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या सोहळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी सांप्रतचे शिस्तबद्ध रूप दिले. वारकरी पायी चालतात. परंतु दिंडीचा शिधा, राहुट्या व सामानसुमान वाहनातून पुढच्या मुक्कामी जाते. पूर्वी या कामी बैलगाड्या असत. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांची जागा ट्रक व टेम्पो यांनी घेतली आणि पाण्याचे टँकरही सोबत आले. ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मार्ग सु. २५० किमी. असून दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद व फलटण यांवरून तो नातेपुते येथे सोलापूर जिल्ह्यात येतो व माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करीत पंढरपूरला पोहोचतो.

दिंडीच्या ट्रकला दिवसा डांबरी रस्त्यावरून सावकाश जावे लागते व संध्याकाळी मुक्कामाच्या शेतात अथवा माळावर उतरावे लागते. नातेपुत्यापासून पुढची जमीन बहुतांशी काळी आहे. आषाढात पाऊस झाला, की ट्रक आसापर्यंत रुततो. मग चाकाखाली मुरूम, दगड, फळ्या वा झाडाच्या फांद्या घालून किंवा ट्रॅक्टरने ओढून तो बाहेर काढावा लागतो. ट्रक बहुधा भाड्याचा असतो. वर्षाचे उरलेले महिने तो कांदा, साखर, वाळू अथवा सिमेंट वाहतो व त्याचे टायरही त्याच कामासाठी घेतलेले असतात. दिंडीचे सामान वजनाने कमी, पण उंच रचलेले असते. जड मालासाठी भरलेली हवा तशीच ठेवली, तर हलक्या भाराखाली टायर कडक राहून उसळतो व जमिनीवर त्याची पकड कमी होते. घाटातून उतरताना सतत ब्रेक लावल्याने चाक तापते व ती उष्णता टायरपर्यंत जाते. तमाशाच्या फडांच्या व तंबू-चित्रपटगृहांच्या मोटारींना चैत्र-वैशाखातील जत्रांतून अशाच रस्त्यांवर फिरावे लागे. मात्र चिखलाऐवजी उन्हाळा हा त्यांचा मुख्य शत्रू होता.

टायरची निवड : मिश्र रस्त्यांसाठी टायर निवडताना नक्षी, अंतर्रचना, भारक्षमता व हवेचा दाब या चार गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. नक्षीचे मुख्य प्रकार दोन. ‘रिब’ टायरवर परिघाच्या दिशेने सलग खोबणी असतात. तो सरळ चालतो, वळताना बाजूची पकड देतो व कमी तापतो. ‘लग’ टायरवर आडवे, जाड ठोकळे व खोल खाचा असतात. त्यामुळे ओढीची पकड अधिक मिळते व खडीचे काप सोसले जातात, परंतु वेगात तो अधिक तापतो व आवाज करतो. यावरून पुढील म्हणजे वळणाऱ्या आसावर रिब व मागील म्हणजे ओढणाऱ्या आसावर लग, ही पद्धत भारतीय मालमोटारींत रूढ झाली. दोन्ही गुणांची सांगड घालणारा ‘सेमी-लग’ हा तिसरा प्रकार मिश्र वापरासाठी मिळतो. सोलापूरच्या काळ्या मातीत मात्र नक्षीचा उपयोग मर्यादित ठरतो. चिकट माती खाचांत भरून बसली, की लग टायरही गुळगुळीत होतो. जोडटायरांमधील फटही मातीने भरून निघते. अशा वेळी शेतात न उतरता कठीण जागी मुक्काम करणे हाच खात्रीचा उपाय होय.

अंतर्रचनेच्या दृष्टीने तिरकस दोऱ्यांचा व अरीय (रेडियल) दोऱ्यांचा असे दोन प्रकार आहेत. पहिल्यात सुती, पुढे रेयॉनच्या व साधारणपणे १९६० नंतर नायलॉनच्या दोऱ्यांचे थर एकमेकांना छेदून बसविलेले असतात. त्याच्या भिंती जाड व मजबूत असतात, तो जादा ओझे व दगडांचे आघात सोसतो, त्याची किंमत कमी असते व त्यावर रबर पुन्हा चढविता येते. रेडियल टायरमध्ये दोरे आडवे, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातात व नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. मिशेलिन कंपनीने त्याचे एकस्व १९४६ मध्ये घेतले. त्याचा तळ रस्त्यावर सपाट टेकतो, घर्षणाने निर्माण होणारी उष्णता कमी असते, इंधन वाचते व आयुष्य वाढते. तथापि त्याच्या भिंती लवचिक असल्याने त्या दगडाने लवकर कापल्या जातात. जादा ओझे व कमी हवाही त्याला मानवत नाही. भारतीय ट्रकमालकांनी कित्येक वर्षे नायलॉन टायर पसंत केला, याचे कारण रस्ते व ओझे यांच्या या वस्तुस्थितीत सापडते. तो केवळ जुन्याचा हट्ट नव्हता. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस देशात ट्रकचे रेडियल टायर बनू लागले. चौपदरी महामार्ग व जादा ओझ्याविरुद्ध झालेली कारवाई यांबरोबर त्यांचा वापर वाढला. खाणी, साखर कारखाने व आडरस्ते यांवरील वाहनांत नायलॉन टायर टिकून राहिला.

हवेचा दाब हा सर्वांत स्वस्त, परंतु सर्वाधिक दुर्लक्षित घटक आहे. टायरचा दाब व जमिनीवर पडणारा दाब ही जवळजवळ सारखीच असतात. म्हणून हवा कमी केल्यास टायर पसरतो आणि मऊ जमिनीत कमी रुततो. परंतु तशाच कमी हवेने महामार्गावर वेगाने गेल्यास त्याच्या भिंती सतत दुमडून आत उष्णता साठते व अखेर तो फुटतो. मालमोटारीच्या मोठ्या टायरांत दर चौ. इंचाला सु. १०० ते १२० पौंड दाब ठेवावा लागतो. तो सकाळी, टायर थंड असताना तपासावा. प्रवासात तापलेल्या टायरचा दाब साहजिकच वाढलेला असतो; तो कमी करण्यासाठी हवा सोडू नये, असे तंत्रज्ञ सांगतात. केंद्रीय मोटार वाहन नियम (१९८९) यांनुसार ट्रकच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिमी. असणे बंधनकारक आहे. रबर चढविलेला टायर पुढील आसावर वापरू नये, असाही सर्वसाधारण संकेत आहे. कारण पुढील टायर फुटल्यास वाहन चालकाच्या ताब्यात राहत नाही. मागील जोडटायरांपैकी एक फुटला, तर दुसरा काही काळ भार पेलू शकतो.

आसावरील भार व रस्ते : अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८–६० या काळात घेण्यात आलेल्या रस्ताचाचण्यांतून रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारणपणे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे आढळले. म्हणजे भार दुप्पट झाल्यास हानी सोळापट होते. भारतात चार टायरांच्या एका आसावर १०.२ टनांपर्यंत भार नेण्यास परवानगी होती. जुलै २०१८ मध्ये ती ११.५ टन करण्यात आली. ही वाढ तेरा टक्क्यांहून कमी दिसते, परंतु वरील नियमानुसार रस्त्यावरील आघात सु. १.६ पट होतो. त्याआधी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादेबाहेरचे ओझे वाहणाऱ्या वाहनांविरुद्ध कठोर अंमलबजावणीचा आदेश दिला होता. ऊसवाहतुकीत मात्र ट्रक व दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर यांवर मर्यादेपेक्षा जास्त ऊस रचला जाताना आढळतो. त्याखाली दबलेला टायर व उखडलेला ग्रामीण रस्ता एकमेकांचे नुकसान वाढवीत राहतात : खड्डा टायर फोडतो आणि जादा भाराचा टायर खड्डा मोठा करतो.

जिल्ह्यातील रस्त्यांचे स्वरूप २०१० नंतरच्या काळात बरेच पालटले. पुणे–सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. पालखीमार्गांना राष्ट्रीय महामार्गांचा दर्जा मिळून (क्र. ९६५ व ९६५ जी) नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली. पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गिका हा या योजनेचा भाग आहे. रुंद रस्त्यांमुळे दिंडीच्या ट्रकचा खडीचा त्रास कमी झाला. परंतु वेग व उष्णता यांमुळे टायर फुटण्याचा धोका पुढे आला. मुक्कामाच्या शेतातील चिखल मात्र पूर्ववत राहिला.

सुरक्षिततेचा प्रश्न : मालवाहू वाहनातून माणसांची वाहतूक करण्यास मोटार वाहन कायद्याने निर्बंध घातलेले आहेत. तरीही तोडणीच्या टोळ्या व वारकरी ट्रक व ट्रॉल्यांतून प्रवास करताना दिसतात, कारण सामानासकट इतक्या माणसांना परवडेल असे दुसरे वाहन उपलब्ध नसते. अशा वाहनाचा टायर फुटल्यास वा ते उलटल्यास सामानावर बसलेल्यांना कोणतेच संरक्षण नसते. रात्री मागील दिवा वा परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या व टायरगाड्या यांवर वेगवान वाहने आदळण्याचे अपघात गाळप हंगामात वारंवार घडतात. टायर नवा घ्यावा की जुन्यावर रबर चढवावे, हे वाहनाचा मालक ठरवितो. ओझे किती भरावयाचे, हे टनावर ठरलेला दर ठरवितो. या निर्णयांचा धोका मात्र त्या वाहनात बिऱ्हाड थाटून बसलेल्यांना पत्करावा लागतो. लाकडी चाकाच्या काळात गाडीवान, गाडीचा मालक व तीत बसणारे कुटुंब ही बहुधा एकच असत. चाक केव्हा बदलावयाचे, हे त्यांच्याच हाती होते. रबरी टायरने प्रवास सुकर व जलद केला; त्याचबरोबर चाक निवडणारा आणि त्यावर विसंबून प्रवास करणारा यांच्यात अंतर निर्माण केले. हंगामापूर्वी गाड्यांची व ट्रॉल्यांची तपासणी, वारीच्या आधी भाड्याच्या ट्रकच्या टायरांची पाहणी, परावर्तक लावण्याची सक्ती व मुक्कामाच्या जागी मुरमाचे कठीण तळ हे हे अंतर कमी करण्याचे साधे व आवाक्यातील मार्ग होत.